आकडा सालीचा, साल मात्र बादलीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

श्रावण लागला की मंडईत आणि मार्केट यार्डात उत्तरेकडची नासपती दिसू लागते. उपवासाला, पुढे गणपतीच्या पाच फळांत तिला मान असतो. त्याच सुमाराला वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत नासपतीतल्या अँटिऑक्सिडंटविषयीचे लेखही येतात. लेखात एक मोठा आकडा असतो आणि खाली कृती असते: नासपती सोलून घ्या, मिक्सरला लावा, गाळा आणि सकाळी ग्लासभर प्या. हा आकडा आणि ही कृती यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. आकडा पुष्कळदा वाळवलेल्या सालीच्या अर्काचा असतो. कृतीत साल जाते आणि पाठोपाठ चोथाही जातो. उरलेल्या रसाला तो आकडा लावणे म्हणजे दाण्याचे गुण टरफलाला चिकटवण्यासारखे आहे, फक्त इथे उलट, टरफलाचे गुण दाण्याला.

नासपतीचे व्हिटॅमिन सी फार नाही. १०० ग्रॅम ताज्या फळात जेमतेम ४ मिलिग्रॅम. आपल्या पेरूत तेवढ्याच वजनात २०० मिलिग्रॅमच्या पुढे असते. तेव्हा नासपतीची अँटिऑक्सिडंट म्हणून जी काही मातब्बरी आहे ती फिनॉलिक संयुगांमुळे, म्हणजे फिनॉल हा रासायनिक गट असलेल्या वनस्पतिजन्य संयुगांमुळे. झाड ही संयुगे आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःच्या बचावासाठी बनवते: कडक उन्हापासून, किडीपासून, जिवाणूंपासून. म्हणून ती वेशीवर, म्हणजे सालीत, सर्वांत दाट असतात. शास्त्रातली ही साधी गोष्ट स्वयंपाकघरात पोहोचलेली नाही.

या संयुगांत पहिले अर्ब्युटिन, नासपतीची स्वतःची खूण. सफरचंदात फ्लोरिझिन आणि नासपतीत अर्ब्युटिन, इतका हा फरक पक्का आहे की सफरचंदाच्या रसात नासपतीचा रस मिसळला आहे का, हे तपासताना प्रयोगशाळा अर्ब्युटिनच शोधतात. दुसरे क्लोरोजेनिक आम्ल, जे कॉफीच्या बियांतही भरपूर असते. नासपतीत ते सालीत आहे, तसे गाभ्याच्या आसपासही बऱ्यापैकी आहे. तिसरे एपिकॅटेचिन आणि त्याच्या मण्यांची जणू माळ ओवून तयार होणारी प्रोसायनिडिन. कच्च्या नासपतीचा घास घेतल्यावर जिभेला जो तुरटपणा जाणवतो तो यांचा, आणि वजनाने पाहिले तर फिनॉलिकमधला मोठा वाटाही सहसा यांचाच. चौथे क्वेर्सेटिन आणि आयसोऱ्हॅमनेटिन यांची साखरेशी जोडलेली रूपे. ती जवळजवळ पूर्णपणे सालीत असतात आणि फळाच्या ऊन खाल्लेल्या अंगाला अधिक असतात. लाल गालाच्या परदेशी नासपतीचा रंग हा सायनिडिन या रंगद्रव्याचा, तोही सालीतच. सोलाणे फिरवले की हे शेवटचे दोन्ही गट हिशेबातून जवळपास संपले.

नासपती रवाळ लागते ती दगडपेशींमुळे, म्हणजे गरातल्या जाड भिंतींच्या कठीण पेशींमुळे. पंजाबकडून येणाऱ्या पत्थरनाख जातीत तो रवा चांगलाच कळतो. त्या पेशींच्या भिंतीतले लिग्निन हेही फिनॉलपासूनच बनलेले असते, पण ते विरघळत नाही, अर्कात उतरत नाही आणि कुठल्याही 'टोटल फिनॉल'च्या आकड्यात धरले जात नाही.

आता गाळण्याविषयी. प्रोसायनिडिनना पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचे मोठे आकर्षण असते. फळ अखंड असते तेव्हा ही दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मिक्सरचे पाते फिरले की कप्पे फुटतात, प्रोसायनिडिन भित्तिकेच्या तुकड्यांना जाऊन चिकटतात आणि गाळणीत चोथ्याबरोबर अडकून बसतात. जितकी माळ लांब, तितकी पकड घट्ट. फळ जास्त पिकून पिठूळ झालेले असेल तर ही पकड आणखी वाढते. म्हणजे आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही. रस गोड लागतो, कारण साखर विनासायास उतरते. नासपतीतले १०० ग्रॅममागचे ३ ग्रॅम तंतू बहुतांशी मागे राहतात, फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल तेवढे पेल्यात येतात. सॉर्बिटॉलमुळे काहींच्या पोटात गुडगुड होते. लहान मुलांच्या बद्धकोष्ठतेवर नासपतीचा रस देतात तोही त्याच कारणाने.

आणखी एक गळती चिरताना होते, आणि ती डोळ्यांदेखत होते. चिरलेली फोड तपकिरी पडते ते फिनॉलिक खर्ची पडत असल्याचेच चिन्ह. पेशी अखंड असताना फिनॉलिक पेशीच्या रसधानीत असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांबेधारी एन्झाइम वेगळ्या कप्प्यात. विळी चालली की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन तिसरा येऊन मिळतो. क्लोरोजेनिक आम्ल आणि एपिकॅटेचिन यांचे क्विनोन, म्हणजे ऑक्सिडीकरण झालेली रूपे, होतात, क्विनोन एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंगद्रव्य बनते. एकदा ते बनले की वरून कितीही लिंबू पिळा, मूळ फिनॉल परत येत नाही. विळी लोखंडी असेल तर दुसरेच काही घडते: लोहाचा फिनॉलशी संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो. तो एन्झाइमचा नव्हे, लोखंडाचा. नासपतीला स्टीलची सुरी किंवा स्टीलच्या पात्याची विळी घ्यावी.

लिंबाची वेळ महत्त्वाची आहे. अर्धा लिटर गार पाण्यात एका मध्यम लिंबाचा रस आधीच पिळून ठेवावा आणि फोड कापली की सरळ त्यात टाकावी. दोन-तीन मिनिटे पुरतात. जास्त वेळ ठेवल्यास पाण्यात उतरणारे फिनॉलिक आणि गोडी दोन्ही निघून जातात. लिंबू दोन कामे करते. त्यातले सायट्रिक आम्ल पीएच खाली आणते आणि एन्झाइममधल्या तांब्याला धरून ठेवते. व्हिटॅमिन सी तयार होणाऱ्या क्विनोनना पुन्हा फिनॉल करते. हे दुसरे काम व्हिटॅमिन सी संपेपर्यंतच चालते. म्हणून सकाळी डब्यात भरलेली लिंबू लावलेली फोडही दुपारपर्यंत हळूहळू रंग बदलते. डब्यासाठी खरा उपाय अख्खे फळ देणे हाच. लिंबू नसेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ चालते. क्लोराइडही या एन्झाइमला अडवते, पण लिंबाइतके नाही.

मिक्सर लावायचाच असेल तर लिंबाचा रस भांड्यात आधी, फोडी नंतर, आणि सलग मिनिटभर न फिरवता थांबून थांबून तीन-चार झटके. सलग फिरवल्यास पाते हवा आत ओढते आणि फेस येतो. त्या फेसातच तपकिरी रंग आधी दिसतो. न गाळता लगेच प्यावे. दूध घालून केलेला नासपतीचा शेक मात्र टिकत नाही. दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो, तो या एन्झाइमला मानवतो, आणि फाटण्याच्या भीतीने दुधात लिंबू घालता येत नाही. शिवाय दुधातली प्रथिने प्रोसायनिडिनना बांधून घेतात. शेकमध्ये तुरटपणा कमी जाणवतो तो त्यामुळे.

शिजवण्याबद्दल थोडक्यात. वाफेवर दोन-तीन मिनिटे दिल्यास एन्झाइम मोडते आणि फिनॉलिक बऱ्यापैकी राहतात. पाण्यात उकळून पाणी ओतून दिले तर जे विरघळते ते पाण्याबरोबर जाते. मुरंबा आंबट पाकात फार वेळ आटवला आणि भांडे झाकून हळूहळू निवू दिले तर फोडींना गुलाबी छटा येते. पुष्कळांना वाटते रंग घातला असावा. तसे नसते. आम्ल आणि उष्णता मिळाली की प्रोसायनिडिनची माळ तुटते आणि तिचे मणी लालसर अँथोसायनिडिन होतात. डबाबंद नासपतीच्या कारखान्यांना हा दोष चांगला ठाऊक असतो, म्हणून डबे तापवून झाले की ते चटकन गार करतात. घरीही पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवले की काम भागते.

साल खा म्हटले की पुढचा प्रश्न येतो: फवारणीचे आणि मेणाचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा मेण किंवा शेलॅक यांना आपल्याकडे लेबलवर तशी नोंद करण्याच्या अटीवर परवानगी आहे. खनिज तेलाला नाही. कीटकनाशकांपुरते बोलायचे तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदावर प्रयोग केला होता. लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर, तपासलेल्या दोन्ही कीटकनाशकांचा पृष्ठभागावरचा अंश निघून गेला. सालीत मुरलेला अंश मात्र राहिला, दोहोंपैकी एकाचा जास्त. घरी करायचे तर लिटरभर पाण्यात सपाट दोन चहाचे चमचे सोडा, पंधरा मिनिटे, मग वाहत्या नळाखाली हाताने चोळून धुणे. देठाजवळची खळगी आणि बुडाकडचा वाळलेला फुलाचा अवशेष या दोन जागी घाण आणि फवारा साचतो. त्या सुरीच्या टोकाने कोरून काढाव्यात. चिकटवलेले स्टिकर डिंकासकट काढावे. साबण किंवा भांड्यांचे लिक्विड नको. नासपतीच्या सालीवरचे ठिपके म्हणजे तिची श्वासरंध्रे आहेत, तिथून साबण आत जाऊ शकतो. धुण्याचे काम खायच्या वेळी करावे. धुऊन ओली फळे फ्रिजमध्ये ठेवली की देठापासून कुजायला लागतात.

एखाद्या फळाची साल फारच जाड, डागाळलेली किंवा चिकट लागली तर सोलावी, हट्ट नको. ज्यांना सालीचा घास नकोच वाटतो त्यांनी चटणी करून पाहावी. दोन धुतलेल्या नासपतींची साल सोलताच अर्ध्या लिंबाच्या रसात चोळून घ्यावी; मूठभर कोथिंबीर, एक-दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरे, दोन चमचे दाण्याचे कूट आणि मीठ घालून पाण्याशिवाय वाटावी. लिंबू शेवटी घातले तर वाटता वाटताच चटणी काळपट होते.

आता त्या आकड्यांकडे येऊ. शहरातल्या महाविद्यालयांत अन्नविज्ञानाचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून हे मोजमाप करतात आणि पुढे तेच आकडे लेखांत, पत्रकांत, बाटल्यांच्या लेबलांवर फिरू लागतात. म्हणून त्यांत काय चुकते ते जरा तपशिलाने लिहितो.

फिनॉलिक मोजण्याची रूढ पद्धत फोलिन-सिओकाल्टो (पुढे नुसते फोलिन) या, फिनॉलशी क्रिया होऊन निळ्या पडणाऱ्या अभिकर्मकाची. नासपतीचा ५ ग्रॅम वजनाचा तुकडा कापताच गार केलेल्या ८० टक्के मेथनॉलमध्ये टाकून वाटायचा, अर्क गाळायचा, चोथ्यावर आणखी दोनदा तेच करायचे. पहिल्याच अर्कावर थांबले की आकडा कमी येतो. आणि मेथनॉलऐवजी ७० टक्के ॲसिटोन घेतले की लांब माळेचे प्रोसायनिडिन अधिक उतरतात, आकडा वाढतो. म्हणजे नुसता द्रावक बदलला तरी तीच नासपती अधिक गुणी दिसते. मग अर्धा मिलिलिटर अर्क, दहापट पातळ केलेले फोलिन अडीच मिलिलिटर, चार-पाच मिनिटांनी साडेसात टक्के सोडियम कार्बोनेट दोन मिलिलिटर. दोन तास अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात निळा रंग मोजायचा आणि ठाऊक प्रमाणातल्या गॅलिक आम्लाच्या आलेखाशी ताडून वाचायचा. कार्बोनेट आधी घातले तर चुकते, कारण अल्कलीत फोलिन पटकन विघटते. फिनॉलशी क्रिया होण्याआधीच त्याची ताकद संपते. फोलिन पिवळे असावे. हिरवट झालेली बाटली आधीच क्षपण झालेली असते, तिने अर्क नसलेला कोरा नमुनाही निळा येतो.

सर्वांत घात करणारी चूक वेगळीच आहे. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून वाटताना व्हिटॅमिन सी टाकले जाते आणि मग त्याच अर्काची फोलिन चाचणी होते. फोलिनला फिनॉल आणि व्हिटॅमिन सी यांतला फरक कळत नाही. सल्फाइट आणि काही साखरांनाही ते थोडेफार प्रतिसाद देते. आलेला भरघोस आकडा बाटलीतल्या पावडरीचा असतो, नासपतीचा नव्हे. एन्झाइम थांबवायचेच तर मेथनॉलमध्ये एक टक्का ॲसिटिक किंवा फॉर्मिक आम्ल घालावे, नाहीतर फळ द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावे.

अँटिऑक्सिडंट क्षमता मोजण्याच्या डीपीपीएच चाचणीत १०० मिलिलिटर मेथनॉलमध्ये डीपीपीएच हे जांभळे रसायन साधारण ४ मिलिग्रॅम घेतात. गडद जांभळे द्रावण अर्क घातल्यावर पिवळे पडत जाते, आणि ते ५१७ नॅनोमीटरला मोजतात. अर्कात पाणी जास्त असेल तर डीपीपीएच सुटून गढूळपणा येतो आणि वाचन बिघडते. 'नासपतीने ८८ टक्के प्रतिबंध केला' अशा वाक्याला तर काहीच अर्थ नाही. अर्क पुरेसा दाट घेतला की जवळपास कोणतेही फळ नव्वदीला पोहोचते. कोणत्या तीव्रतेला निम्मा रंग गेला, ते सांगायला हवे. पुन्हा, अर्ब्युटिनमध्ये मोकळा हायड्रॉक्सिल गट एकच, दुसऱ्यावर ग्लुकोज बसलेले. त्यामुळे डीपीपीएचमध्ये ते अगदी क्षीण ठरते आणि एबीटीएस या तशाच दुसऱ्या चाचणीत बरे गुण मिळवते. चाचणी बदलली की दोन जातींचा क्रमही बदलू शकतो.

सुके आणि ताजे यांचा गोंधळ तर साध्या अंकगणिताचा आहे. ताज्या नासपतीत सुमारे ८४ टक्के पाणी असते, म्हणजे १०० ग्रॅम सुके करायला सहा-सव्वासहाशे ग्रॅम फळ लागते. समजा सुक्या सालीचा आकडा १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम आहे. १८० ग्रॅमच्या एका फळाची साल १८ ग्रॅम निघाली आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणी धरले, तर सुकी साल साडेचार ग्रॅम. वाट्याला येतात ५४ मिलिग्रॅम. तेही साल खाल्ली तर.

आणि परीक्षानळीत रंग उडाला म्हणजे शरीरात तसेच घडते, असेही नाही. क्लोरोजेनिक आम्लाचा साधारण एक तृतीयांश भाग लहान आतड्यात शोषला जातो. लांब माळेचे प्रोसायनिडिन जवळपास तसेच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचे लहान तुकडे करतात. रक्तात दिसतात ती बदललेली रूपे, फार थोड्या प्रमाणात. रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता बरीचशी युरिक ॲसिडवर अवलंबून असते. सफरचंद खाल्ल्यानंतर ती क्षमता वाढलेली आढळली, तेव्हा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की वाढ फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक ॲसिडची होती, फळातल्या फ्लॅव्होनॉइड या फिनॉलिक गटाची नव्हती. नासपतीतही फ्रुक्टोजच अधिक. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या 'ओरॅक' म्हणजे परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली ती याच कारणाने: परीक्षानळीतले आकडे जाहिरातीत आरोग्याचे आकडे म्हणून वापरले जात होते. आपल्याकडे २०१८ च्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या नियमांनुसार अन्नपदार्थावरचा दावा खरा, दिशाभूल न करणारा आणि शास्त्रीय आधाराचा असावा लागतो. गाळलेल्या रसाच्या बाटलीवर सालीच्या अर्काचा आकडा त्यात बसत नाही. म्हणून नासपती खाऊ नये असे अजिबात नाही. तंतू, पाणी, बेताची गोडी आणि सालीतले हे सगळे घटक एकत्र मिळत असताना तिला औषध ठरवायची गरजच पडत नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे अशा लेखात आकडा छापाल तेव्हा त्याच ओळीत फळाची जात, साल की गर की अख्खे फळ, ताजे वजन की सुके, द्रावक आणि चाचणीचे नाव, आणि एकक हेही छापावे. लेखकाकडे यांतले काही नसेल तर आकडा गाळावा आणि कृती ठेवावी. कृतीतले 'सोलून घ्या' आणि 'गाळा' हे दोन शब्द तेवढे काढून टाकावेत.

कळावे,
आपले,
अन्नरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे